कर्णाने जीव दिला, पण मित्राला खरं सांगितलं का?

ज्यांना ड्युटीवर हेडफोन लावता येत नाहीत, किंवा ट्रेनमध्ये नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलेली वाक्यं नीट केली आहेत, बाकी जे बोललो तेच आहे.

फ्रेंडशिप डे आला की प्रत्येकाच्या फोनवर एक स्टेटस हमखास दिसतं. धनुष्य घेतलेला कर्ण, मागे मावळणारा सूर्य, आणि खाली दोस्तीबद्दल दोन ओळी. अर्थ साधारण एकच असतो: मित्र असावा तर कर्णासारखा, जो हरणार हे माहीत असूनही साथ सोडत नाही. असं स्टेटस ठेवणाऱ्या किती जणांनी महाभारत वाचलंय, हा प्रश्न मी विचारणार नाही. कर्ण आपल्यापर्यंत पोहोचायला पोथी लागत नाही. तो कादंबरीतून येतो, सिरियलमधून येतो, रीलमधून येतो.

मीसुद्धा कर्णाचा फॅन आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा कर्णाच्या विरोधात बोलला. आज मला त्याच्या दोस्तीबद्दल बोलायचंय, आणि जरा खोलात जाऊन. कारण ज्या दोस्तीला आपण स्टेटस लावतो, तिच्यात एक जागा अशी आहे जिथे कर्णाने मित्रासाठी सगळं दिलं आणि एक गोष्ट मात्र दिली नाही. ती कोणती, ते शेवटाकडे येईलच.

अंजूरफाट्यावरचे तीन कर्ण

आपलं राहनाळ म्हणजे भिवंडीला चिकटलेलं गाव. एका बाजूला यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला गोडाऊन. इथल्या एका चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलात तर मराठी, हिंदी आणि तेलुगू या तीन भाषा सहज कानावर पडतात. गंमत अशी की या तिन्ही भाषांचा आपापला कर्ण आहे, आणि तिघांचेही फॅन कट्टर आहेत.

मराठी माणसाचा कर्ण म्हणजे 'मृत्युंजय'. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

माग चालवायला उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या भाईलोकांचा कर्ण म्हणजे 'रश्मिरथी'. रामधारी सिंह दिनकर यांचं हे खंडकाव्य १९५२ सालचं. दिनकर बिहारमधल्या सिमरिया गावचे. आजही यूट्यूबवर त्याचं पठण करणाऱ्या पोरांचे व्हिडिओ धडाधड चालतात. कधी कॉलेजचं गॅदरिंग असतं, कधी हॉस्टेलची गच्ची, आणि पोरगं छाती फुगवून म्हणत असतं.

तिसरा कर्ण पद्मानगरचा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही जुनी वस्ती. त्यांच्यासाठी कर्ण म्हणजे १९७७ सालचा 'दान वीर शूर कर्ण'. या सिनेमात एन. टी. रामाराव यांनी कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तिन्ही भूमिका एकट्याने केल्या, वर दिग्दर्शनही स्वतःच केलं. त्यातला दुर्योधनाचा एक लांबलचक संवाद तेलुगू लोकांमध्ये प्रचंड गाजलेला आहे. भर रंगणात कर्णाला त्याचं कुळ विचारलं जातं, तेव्हा दुर्योधन उभा राहतो आणि जातीच्या नावाखाली माणसाला अडवणाऱ्यांना झोडपून काढतो, तो हा संवाद.

लक्षात घ्या, या सिनेमात लोकांच्या तोंडी जो संवाद बसला तो दुर्योधनाचा आहे. कर्णाचा मित्र म्हणून दुर्योधनसुद्धा तिथे हिरो झाला. तमिळमध्ये १९६४ साली शिवाजी गणेशन यांचा 'कर्णन' आला होता, आणि १९९१ साली मणिरत्नम यांनी 'दलपती'मध्ये हीच दोस्ती आजच्या गुंडांच्या जगात नेली. तिथे रजनीकांत कर्णाच्या जागी आणि मम्मूट्टी दुर्योधनाच्या जागी. २०२४ सालच्या 'कल्की'मध्ये शेवटी प्रभासचं नातं कर्णाशी जोडलं जातं, तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या का पडल्या हे आता कळेल. शिट्ट्या मारणारे सगळे आधीपासूनच कर्णाचे होते.

१९६७ साली पुण्यात काय झालं

आता आपल्या मराठी कर्णाकडे येऊ.

पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. तिथे १९१९ साली एक काम सुरू झालं: देशभरातली महाभारताची हस्तलिखितं गोळा करायची, एकमेकांशी ओळ न् ओळ ताडून पाहायची, आणि जुन्यात जुना पाठ कोणता ते ठरवायचं. काश्मीरपासून केरळपर्यंतची १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. पहिले मुख्य संपादक वि. स. सुकथनकर यांचं काम अर्ध्यावर असतानाच निधन झालं, पुढच्यांनी ते चालू ठेवलं, आणि १९६६ साली ही चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली. जवळजवळ ४७ वर्षं! आपल्याकडे मेट्रो रखडली की आपण वैतागतो, इथे दोन-तीन पिढ्या एका पुस्तकात गेल्या.

आणि पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, पुण्यातूनच महाभारतावरची दोन मराठी पुस्तकं बाहेर पडली. दोन्ही आजही दुकानात मिळतात.

पहिलं, शिवाजी सावंत यांचं 'मृत्युंजय'. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक, आणि वय जेमतेम सत्तावीस. एवढ्या वयात त्यांनी ही जाडजूड कादंबरी लिहिली. तिची रचना एकदम वेगळी. लेखक गोष्ट सांगतच नाही, पात्रं स्वतः बोलतात. नऊ भाग आहेत. त्यातले चार कर्ण स्वतः सांगतो, आणि बाकीचे कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना हे लगेच पटेल. माणूस तुमच्या कानात स्वतःच्या आवाजात 'मी' म्हणून बोलायला लागला की तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायला लागता. सावंतांनी कर्णाच्या हातात माईक दिला. पुढे अनेक भाषांत ही कादंबरी गेली, आणि १९९४ साली भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला.

दुसरं पुस्तक, इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजमध्ये शिकवायच्या. त्यांनी महाभारतातल्या एकेका माणसाला समोर बसवलं आणि प्रश्न विचारले. कर्णालाही सोडलं नाही. तो दिलदार आहे म्हणून त्याला सूट नाही, आणि अन्याय झाला म्हणून त्याच्या वागण्यावर पांघरूण नाही. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

म्हणजे बघा, एकाच वर्षी, एकाच शहरातून, कर्णाचा वकील आणि कर्णाची उलटतपासणी दोन्ही आलं. त्याआधी १९५३ साली वि. वा. शिरवाडकर यांनी 'कौन्तेय' नाटक लिहिलं होतं, आणि १९७३ साली रणजित देसाईंचं 'राधेय' आलं. दाजी पणशीकरांनी तर 'कर्ण खरा कोण होता?' असं सरळ नावच पुस्तकाला देऊन कर्णाचं कौतुक करणाऱ्यांना उलटे सवाल केले. मराठीत कर्णावरून वाद घालायची ही परंपरा चांगली मुरलेली आहे. आपण तोच वाद पुढे नेतोय.

गैरसमज कुणाचा, कुणाबद्दल?

फॅन म्हणून आपलं पहिलं म्हणणं काय असतं? कर्णाला कुणी समजूनच घेतलं नाही. आईने सोडलं, गुरूंनी नाकारलं, द्रौपदीने सूतपुत्र म्हणून हाकललं.

आता यातलं काय व्यासांच्या महाभारतात आहे आणि काय नंतर आलं, ते बघूया.

आईने सोडलं, हे शंभर टक्के खरं. परशुरामाचा शापही आहे. इंद्राने ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडलं मागून नेली, तेही आहे. पण द्रोणाचार्यांनी कर्णाला शिकवलंच नाही, हे तसं नाही. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेय कर्णाचं नाव आहे. नाकारलं ते ब्रह्मास्त्र, आणि म्हणून तो परशुरामाकडे गेला.

स्वयंवराचं काय? सूतपुत्राला वरणार नाही, असं द्रौपदी भर सभेत म्हणते आणि कर्ण खाली मान घालून परत फिरतो. हा सीन आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीचं हे वाक्य नाही. काही हस्तलिखितांमध्ये आहे, बऱ्याच महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही, म्हणून संपादकांनी ते तळटीपेत टाकलं.

याचा अर्थ मागच्या लोकांनी खोटं लिहिलं असा घेऊ नका. पिढ्यान् पिढ्या कथा सांगणाऱ्यांना एक प्रश्न छळत होता: इतका चांगला माणूस द्यूतसभेत असा का वागला? त्या 'का'चं उत्तर म्हणून स्वयंवरातला अपमान हवा होता. कादंबऱ्यांनी आणि सिरियलनी तोच धागा आणखी घट्ट केला. फॅन लोक हेच करतात. आवडत्या माणसाच्या चुकीला कारण शोधून देतात.

आणि हा कर्ण आपल्याला इतका का भिडतो, तेही सरळ आहे. इंटरव्ह्यूला गेल्यावर नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो. आडनाव सांगितलं की गाव. गाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. ज्याने हे एकदा अनुभवलंय, त्याला रंगणात उभा असलेला, कुळ विचारल्यावर गप्प झालेला कर्ण समजावून सांगावा लागत नाही.

ओल्या डोक्याने केलेला नमस्कार

ही दोस्ती सुरू कुठे झाली, ते नीट आठवा. आदिपर्वातला प्रसंग.

राजपुत्रांचं शिक्षण संपलंय, लोकांसमोर कौशल्य दाखवायचा दिवस आहे. अर्जुनाचं सगळं झाल्यावर कर्ण येतो आणि म्हणतो, हे सगळं मीही करतो. करून दाखवतो. मग द्वंद्वाचं आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य विचारतात, तुझे आईवडील कोण, कुठल्या राजकुळातला? कर्ण गप्प.

तेवढ्यात दुर्योधन बोलतो. शूरांचा आणि नद्यांचा उगम शोधू नये, अशा अर्थाचा मुद्दाही तो याच प्रसंगात पुढे मांडतो. आणि तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचा राजा करून टाकतो. कर्ण विचारतो, याच्या बदल्यात तुला काय देऊ? दुर्योधन म्हणतो, मला फक्त तुझी कायमची मैत्री हवी.

हे सगळं चालू असताना घामाघूम झालेला म्हातारा अधिरथ सारथी काठी टेकत आत येतो. आणि आत्ताच राज्याभिषेक झालेला कर्ण, अभिषेकाच्या पाण्याने डोकं अजून ओलं असताना, सगळ्यांसमोर बापाच्या पायावर डोकं ठेवतो. लगेच भीम टोमणा मारतो, की तुझ्या हाती चाबूकच शोभतो.

माझ्या मते सगळ्या महाभारतात कर्ण सर्वांत मोठा दिसतो तो इथे. पाच मिनिटांपूर्वी मिळालेलं राजेपण जाईल की राहील याचा विचार न करता त्याने बापाला बाप म्हटलं. आपण अशा क्षणी काय करतो? कंपनीतले लोक सोबत असताना बाबा डबा घेऊन आले तर आपली ओळख करून द्यायची पद्धत जरा आठवून बघा.

दुर्योधनालाही इथे पूर्ण मार्क द्यायला हवेत. त्याला अर्जुनाच्या तोडीस तोड माणूस हवा होता, हे उघड आहे. पण सगळी मोठी माणसं गप्प असताना तो एकटा बोलला. ज्याला कुणी उभं करत नव्हतं त्याला त्याने उभं केलं. असं कुणी केलं की ते ऋण आयुष्यभर उतरत नाही. गोष्ट पुढे बिघडते ती याच ऋणातून.

मोती वेचू की ओवूनही देऊ?

विश्वासाबद्दल एक गोष्ट सांगतो. ही व्यासांच्या महाभारतातली नाही, तमिळ परंपरेतली आहे, आणि 'कर्णन' सिनेमातही आहे.

कर्ण आणि दुर्योधनाची बायको भानुमती फासे खेळत बसलेत. कर्णाची दाराकडे पाठ आहे. दुर्योधन येतो. नवऱ्याला बघून भानुमती उठते. कर्णाला वाटतं, हरायला लागली म्हणून पळतेय. तो तिला थांबवायला हात पुढे करतो, आणि तिची मोत्यांची माळ तुटते. मोती घरभर. मग कर्ण वळून बघतो, तर दारात दुर्योधन.

आजच्या सिरियलमध्ये इथे तीन वेळा वीज कडाडली असती. दुर्योधन मात्र खाली वाकतो आणि विचारतो, नुसते वेचून देऊ, की ओवूनही देऊ?

एवढंच. तमिळमध्ये हा प्रश्न म्हणीसारखा प्रसिद्ध आहे. संशय घ्यायला सगळी सोय असताना न घेतलेला संशय, एवढीच विश्वासाची व्याख्या या गोष्टीत आहे. आणि ती दुर्योधनाच्या तोंडी आहे, ज्याला आपण खलनायक म्हणतो.

द्यूतसभा, आणि एक विसरलेला भाऊ

आता अवघड भाग. फॅन लोक हा भाग फॉरवर्ड करतात.

द्यूतात युधिष्ठिर सगळं हरला. द्रौपदीला केस धरून सभेत आणलं. ती विचारते, आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का? भीष्म, द्रोण, विदुर, सगळे बसलेत. विदुर विरोध करतो. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे.

आणि मग एक जण उभा राहतो. विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कारणं देतो: ती पाचही भावांची पत्नी आहे, आणि युधिष्ठिर स्वतःला आधीच हरला होता. सभेत थोडी हलचल होते, लोक त्याला चांगलं म्हणतात.

त्याला गप्प कोण करतं? कर्ण. तू पोर आहेस, तुला धर्म कळत नाही, असं म्हणतो. द्रौपदीबद्दल जे शब्द वापरतो ते मी इथे बोलत नाही. आणि पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. हे चिकित्सक आवृत्तीतही आहे, तळटीपेत नाही.

का बोलला असेल तो असं? कारण शोधायला बाहेर जायची गरज नाही, कर्ण स्वतःच पुढे सांगतो.

उद्योगपर्वात कृष्णाची शिष्टाई फसते. परत जाताना कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांचा थोरला भाऊ. चल, राजा हो. कर्ण नाही म्हणतो. राधेने मला वाढवलं, अधिरथाने माझे संस्कार केले, सूतांच्या घरातच माझी लग्नं झाली. आणि दुर्योधन माझ्या भरवशावर युद्धाला उभा राहिलाय. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

पण त्याच बोलण्यात पुढे तो कबूल करतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतोय.

दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून. मंडळी, हे वाक्य तुमच्या ओळखीचं आहे की नाही? आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात, 'भाऊसाठी कायपण'. भाऊने कधीतरी मदत केलेली असते. नोकरीला लावलेलं असतं, हॉस्पिटलचं बिल भरलेलं असतं, चारचौघांत नावाने हाक मारलेली असते. ते उपकार खरे असतात. मग एक दिवस भाऊ म्हणतो, त्या अमक्याला जरा बघायचंय, चल. किंवा एका मुलीच्या फोटोखाली घाण कमेंट टाकायला सांगतो, सगळे टाकतायत, तूही टाक. आणि आपण टाकतो. त्या मुलीशी आपलं काही वैर नसतं. भाऊला बरं वाटावं म्हणून.

पोलिस स्टेशनला मात्र नाव आपलं लागतं.

दिलं नाही ते काय?

आता सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीकडे येतो.

कृष्णाशी बोलताना कर्ण एक मागणी करतो: माझ्या जन्माचं हे गुपित युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे शत्रूच्या चांगुलपणावर त्याचा किती विश्वास आहे बघा! आणि कृष्णही युद्ध संपेपर्यंत ते गुपित फोडत नाही. युधिष्ठिराला ते कळतं नंतर, कुंतीच्या तोंडून.

याच भेटीत कर्ण आणखी एक गोष्ट बोलतो. युद्धाला तो यज्ञाची उपमा देतो, आणि त्या यज्ञात कौरवांचा बळी जाणार हे त्याला दिसतंय. स्वप्नातही त्याने पांडवांचा विजय पाहिलाय. मग कुंती भेटायला येते, तेव्हा तो तिला शब्द देतो की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही. युद्धात युधिष्ठिर, भीम, नकुल, सहदेव हे चौघेही कधी ना कधी त्याच्या तडाख्यात सापडतात, आणि तो सोडून देतो.

आता दुर्योधनाच्या जागी उभं राहून बघा. त्याने द्रोणांकडे मागितलं होतं, युधिष्ठिराला जिवंत पकडून द्या. युधिष्ठिर हाती लागला असता तर खेळ संपला असता. आणि त्याचा सर्वांत जवळचा मित्र त्याच युधिष्ठिराला हातात आल्यावर सोडतोय, कारण त्याने आईला शब्द दिलाय. हे सगळं कर्णाने दुर्योधनाला सांगितलं, असं महाभारतात कुठे येत नाही. जन्माचं नाही, शब्दाचं नाही, आणि आपण हरणार हे दिसतंय, तेही नाही. दुर्योधनासमोर तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला: मी अर्जुनाला मारीन.

कर्णाने मित्राला जीव दिला. खरं दिलं नाही.

ज्याने माळेतले मोती वेचले, त्याला खरं ऐकायचा हक्क नव्हता का? कदाचित ऐकूनही दुर्योधन लढलाच असता, त्याचा स्वभावच तसा. पण सांगायला हवं होतं. द्यूतसभेतही आणि युद्धाच्या आधीही, 'हे चुकतंय' असं म्हणू शकेल असा एकच माणूस दुर्योधनाजवळ होता. विदुराचं तो ऐकत नव्हता, भीष्मांवर त्याचा भरवसा नव्हता. कर्णाचं त्याने ऐकलं असतं, आणि कर्ण बोलला नाही, कारण ज्याने आपल्याला उभं केलं त्याला आपण 'नाही' म्हणू शकत नाही, असं त्याला वाटत होतं. आपला हिरो गैरसमजाचा बळी होता, हे मला मान्यच आहे. पण मैत्रीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्याचा स्वतःचाच होता: साथ देणं म्हणजे हो म्हणणं.

आणि आता पुन्हा विकर्ण आठवा. त्याने भर सभेत भावाला चूक म्हटलं. पण युद्ध झालं तेव्हा तो पळाला नाही, दुर्योधनाच्याच बाजूने उभा राहिला आणि भीमाच्या हातून मेला. त्याला मारल्यावर भीमाला वाईट वाटलं, असं द्रोणपर्वात आहे. म्हणजे साथ न सोडता 'नाही' म्हणता येतं, याचा पुरावा त्याच घरात, त्याच सभेत होता. विकर्णाचा फोटो लावून ठेवलेलं दोस्तीचं स्टेटस मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

कर्णावरचं प्रेम कमी करा, असं मी म्हणत नाहीये. 'मृत्युंजय' वाचा, वाचली असेल तर परत वाचा, आणि तिच्या शेजारी 'युगान्त' ठेवा. कर्णाला पश्चात्ताप झाला होता, हे त्याच्या बाजूने बोलताना जरूर सांगा. आपल्या हिरोने जे मान्य केलं ते फॅननेही मान्य करावं, एवढंच. आणि तुमच्या आयुष्यात कुणी दुर्योधन असेल, ज्याने तुम्हाला खरंच उभं केलं, तर त्याची साथ सोडायची गरज नाही. फक्त पुढच्या वेळी तो काही भलतंच सांगेल तेव्हा त्याला बाजूला घेऊन एकदा खरं बोला. रागावेल. दोन दिवस फोन उचलणार नाही. मित्र असेल तर तिसऱ्या दिवशी करेल.

पुढच्या भागात विकर्णावरच बोलायचं ठरवलंय. तोपर्यंत व्हॉइस मेसेज पाठवा: तुमच्या ग्रुपमधला विकर्ण कोण? नाव घेऊ नका, किस्सा सांगा. भेटू लवकरच.